परकीय आक्रमणानंतर मागे उरलेल्या विध्वंसाची जबाबदारी कोणाची?

रामदासपेठकर (धागाकर्ता)

इराकवरील २००३ च्या आक्रमणाचा विषय आपल्या नागपूरकरांच्या या गटात अधूनमधून निघतो आणि दर वेळी चर्चा एकाच मुद्द्यापाशी येऊन अडते: सद्दाम गेला हे बरेच झाले, पुढे तिथले लोकच आपसांत लढले, त्याला बाहेरचा काय करणार? मला हे मान्य नाही आणि का मान्य नाही ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. युद्ध योग्य होते की अयोग्य, हा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. एखाद्या देशाची राजवट बाहेरच्या सैन्याने मोडून काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शहरातल्या रुग्णालयाच्या दारावर पहारा कोणी द्यायचा, पाण्याचे पंप कोणी चालवायचे आणि महिन्याच्या शेवटी पगार कोणी करायचे?

याचे उत्तर कायद्यात फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. १९०७ च्या हेग नियमावलीतील कलम ४३ प्रमाणे, प्रदेश ताब्यात घेणाऱ्या सत्तेने तेथील सार्वजनिक सुव्यवस्था आणि लोकांचे दैनंदिन जीवन पूर्ववत करण्यासाठी आपल्या हातातले सर्व उपाय योजले पाहिजेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील कलमे ५५ आणि ५६ अन्न, औषधे, रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य यांचा भार त्याच सत्तेवर टाकतात. हे सर्व इराकला लागू होते की नाही, अशी शंका घ्यायलाही जागा नाही, कारण २२ मे २००३ च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावात सुरक्षा परिषदेने अमेरिका आणि ब्रिटन यांची नावे घेऊन, ताबा घेणाऱ्या सत्ता म्हणून त्यांच्यावरील जबाबदाऱ्यांची नोंद केली.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. ९ एप्रिलला बगदाद पडले. १० ते १२ एप्रिल या काळात राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले आणि सुमारे १५,००० वस्तू गेल्या. अमेरिकी रणगाडे पहाऱ्यासाठी तिथे पोहोचले ते १६ एप्रिलला. तेल मंत्रालयाच्या इमारतीला मात्र पहारा मिळाला होता. म्हणजे पहारा देणे अशक्य होते असे नाही. कशाला द्यायचा हे कोणीतरी ठरवले होते. ११ एप्रिलला अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी पत्रकारांना सांगितले की स्वतंत्र झालेली माणसे चुका आणि गुन्हे करायलाही मोकळी असतात. मला वाटते, नंतरची सगळी वर्षे त्या एका उत्तरात आधीच दिसत होती.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेने इराकवर नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले. १६ मेच्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतील सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले. त्या राजवटीत बढती हवी असेल तर पक्षाचे सदस्यत्व घ्यावेच लागे, त्यामुळे हजारो शिक्षकही या आदेशाने घरी बसले. २३ मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्य आणि सुरक्षा यंत्रणा बरखास्त झाल्या. सुमारे चार लाख माणसे, शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेली, ज्यांच्या घरी बंदुका आहेत आणि ज्यांचा पगार, निवृत्तिवेतन आणि मान एका कागदाने गेला, ती कुठे जातील याचा विचार त्या कागदावर सही करताना व्हायला हवा होता. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशी समितीने २०१६ मध्ये बारा खंडांच्या अहवालात लिहिले की सद्दामनंतरच्या इराकसाठीचे नियोजन आणि तयारी पूर्णपणे अपुरी होती. तो अहवाल वाचून कोणावर खटला भरला गेला नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की मागे उरलेल्या अवस्थेची जबाबदारी ही सहानुभूतीची किंवा मदतीची बाब नाही. ती देणे आहे; ते मोजता येते आणि मागता आले पाहिजे. मागण्याची जागाच नसणे, हा माझ्या मते या सगळ्यातला मोठा अन्याय आहे. सर्वांनी आपली मते मांडावीत.

वर्धा_रोड

धागा आवडला, पण निष्कर्ष एकतर्फी वाटतो. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील अल-अस्करी दर्ग्याचा घुमट स्फोटाने उडवण्यात आला आणि त्यानंतर बगदादच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या. तो स्फोट अमेरिकेने केला नव्हता. बाजारांत आत्मघातकी गाड्या घुसवणारी माणसे स्वतःच्या इच्छेने तिथे गेली होती. आधीच्या राजवटीनेही काय केले ते विसरून चालणार नाही. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने सुमारे ५,००० कुर्द माणसे मारली गेली. प्रत्येक प्रेताचा हिशेब वॉशिंग्टनच्या नावावर मांडायचा, तर इराकी माणसाला स्वतःची बुद्धी आणि स्वतःचे दायित्व नाहीच असे आपण म्हणतो, आणि तो त्या लोकांचा अपमान आहे असे मला वाटते.

दुसरा प्रश्न असा की ही जबाबदारी संपते कधी? २८ जून २००४ रोजी सत्ता अंतरिम सरकारकडे सोपवली गेली, डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य गेले, जून २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या हाती पडले. त्या दशकात निवडून आलेल्या इराकी सरकारांनी काय केले, हे कोणी विचारायचे?

रामदासपेठकर (धागाकर्ता)

आपला आक्षेप गंभीर आहे, म्हणून नेमके उत्तर देतो. दोन जबाबदाऱ्या म्हणजे एका भाकरीचे दोन तुकडे नव्हेत, की एकाचा वाटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा कमी झाला. बाजारात स्फोट घडवणारा खुनी आहे आणि त्याचा गुन्हा कोणत्याही परकीय सैन्यामुळे हलका होत नाही. परंतु त्या बाजाराचे पोलीस ठाणे ओस का पडले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देणारा पक्षही वेगळा आहे. इराकी माणसाला स्वतःचे दायित्व आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ब्रेमर यांनाही ते आहे असे मी म्हणतो.

जबाबदारी संपते कधी, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. ताबा संपला की कलम ४३ चे कर्तव्य संपते, हे खरे. पण कर्तव्य चालू असताना ते मोडले असेल तर त्या मोडण्याची भरपाई तारीख उलटल्याने नाहीशी होत नाही. मोसुल २०१४ मध्ये पडले त्याचा दोष तेव्हाचे इराकी पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्या सरकारकडे नक्कीच जातो. तरीही आयसिसच्या लष्करी फळीत सद्दामच्या सैन्यातील जुने अधिकारी मोठ्या संख्येने होते, हेही तितकेच खरे आहे, आणि ती वाट २३ मे २००३ पासून सुरू होते. मोसुलमधून पळवून नेलेल्या ३९ भारतीय कामगारांच्या मृत्यूची माहिती सुषमा स्वराज यांनी मार्च २०१८ मध्ये संसदेत दिली. त्यांतील बहुतेक पंजाबमधून मजुरीसाठी गेलेले होते. त्यांच्या घरच्यांनी कोणाच्या दारात जायचे?

इतवारीकर

"मागण्याची जागा" हा शब्दप्रयोग वाचून लिहावेसे वाटले, कारण आमच्या घरात एकदा अशी जागा पाहिलेली आहे.

माझे मामा १९९० मध्ये कुवेतमध्ये एका बांधकामावर फोरमन होते. २ ऑगस्टला सद्दामचे सैन्य आत आले. मामा इतर भारतीयांबरोबर बसने बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. त्या विमानफेऱ्यांनी दीड लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. हातात एक बॅग होती. खोलीतले सामान, थकलेला पगार आणि बँकेतली शिल्लक तिकडेच राहिली. काही वर्षांनी भरपाईचा अर्ज निघाला. भारत सरकारने तो दिल्लीतून संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे पाठवायचा होता. मामांनी पारपत्रावरच्या कुवेतच्या शिक्क्याच्या छायाप्रती साक्षांकित करून घेतल्या, कंपनीचे ओळखपत्र जोडले आणि सोबत जॉर्डनच्या सीमेवर मिळालेला एक चुरगळलेला कागदही लावला. देश सोडावा लागलेल्या एकट्या व्यक्तीसाठी २,५०० किंवा ४,००० डॉलर आणि कुटुंबासाठी ५,००० किंवा ८,००० डॉलर असे दर ठरलेले होते. पैसे हप्त्यांनी का होईना, पण आले. मामींनी त्यातून घरावर स्लॅब टाकला.

हे पैसे इराकच्या तेलातून आले. सुरक्षा परिषदेच्या १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने इराकला कुवेतवरील आक्रमणाच्या नुकसानीसाठी जबाबदार धरले आणि त्याच्या तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा, सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत, परस्पर कापला जाऊ लागला. एकूण ५२.४ अब्ज डॉलर चुकते करून इराकने शेवटचा हप्ता २०२२ मध्ये भरला. आणि आता ही गोष्ट लक्षपूर्वक पाहावी: रामदासपेठकरांनी ज्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाचा उल्लेख केला, त्याच ठरावात इराकच्या तेलाचे ५ टक्के कुवेतच्या भरपाईकडे जात राहतील अशीही तरतूद आहे. म्हणजे इराक स्वतः परकीय ताब्यात असताना, त्याची रुग्णालये लुटली गेलेली असताना, त्याने पूर्वी केलेल्या आक्रमणाची वसुली एक दिवसही माफ झाली नाही. ती व्हावी असे मी म्हणत नाही, मामांचे पैसे हक्काचेच होते. परंतु २००३ नंतर ज्या इराकी माणसाचे घर गेले त्याच्यासाठी असा आंतरराष्ट्रीय भरपाई आयोग कोणी नेमला नाही.

अमेरिकी सैन्याकडून इराकी कुटुंबांना काही रकमा दिल्या जात. त्यांना सांत्वनपर रक्कम म्हणत, आणि मृत्यूसाठी साधारण मर्यादा २,५०० डॉलर होती. ती देताना चूक किंवा दायित्व मान्य केले जात नसे. कुवेत सोडावा लागला म्हणून माझ्या मामांना जे हक्काने मिळाले, तेवढीच रक्कम बगदादमधल्या आईला मुलाच्या मृत्यूसाठी उपकार म्हणून मिळत होती. हे समजल्यापासून मला त्या स्लॅबकडे पूर्वीसारखे पाहता आलेले नाही.

धंतोली_वाचक

इतवारीकर, फार महत्त्वाचा प्रतिसाद. धन्यवाद.

कामठीचा_माजी_सैनिक

मी सैन्यात नोकरी केलेली आहे, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो. "पहारा देता येतो, तो कशाला द्यायचा हे ठरवावे लागते" हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते, कारण आपल्याच इतिहासात त्याचे उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली तेव्हा भारतीय सैन्य तेथे परकीय सैन्यच होते, लोकांनी फुले उधळली तरीही. त्या वेळी शहरातील मीरपूर भागात उर्दू भाषक बिहारी कुटुंबे होती, ज्यांच्यातील अनेकांनी पाकिस्तानी सैन्याला साथ दिल्यामुळे लोकांचा त्यांच्यावर भयंकर राग होता. त्या वस्तीभोवती भारतीय तुकड्यांचा पहारा जानेवारी १९७२ पर्यंत होता. ज्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवणार नाही त्यांचे रक्षण करणे हे ताबा घेणाऱ्या सैन्याचे सर्वांत अवघड काम असते. ९३,००० युद्धकैद्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे सांभाळले गेले, पद्मेवरील हार्डिंज पूल १९७२ मध्येच भारताच्या मदतीने पुन्हा उभा राहिला आणि सैन्य १२ मार्च १९७२ रोजी ढाक्यात निरोपाचे संचलन करून परतले.

सर्व काही निष्कलंक होते असा माझा दावा नाही. पहारा उठल्यानंतर मीरपुरात पुन्हा रक्त सांडले, आणि लवकर परतणे हाही काही जणांवर अन्याय ठरू शकतो, हे त्यातून दिसते. तरीही तुलना करण्यासारखी आहे. बांगलादेशात चालवायला घेणारे स्थानिक सरकार तयार होते. इराकमध्ये होते नव्हते ते प्रशासनही दोन आदेशांनी मोडले गेले.

आणखी एक आठवण येथे देणे योग्य होईल. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडेही सैन्य मागितले होते, एक पूर्ण डिव्हिजन. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही, असा निर्णय घेतला. त्या वेळी माझ्या ओळखीच्या काही जवानांना परदेशी भत्त्याची आशा होती आणि निर्णयाने ते खट्टू झाले. आज मला तो निर्णय त्या सरकारने सैन्यासाठी केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक वाटतो. दुसऱ्याने मोडलेल्या घराची चौकीदारी आपल्या पोरांनी केली असती आणि त्याचे पापही आपल्या पदरात पडले असते.

महालकर

आतापर्यंत इराक, कुवेत, बांगलादेश झाले. पण आपण नागपुरात बसून हे लिहीत आहोत आणि मी महालात, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून एक प्रश्न टाळता येत नाही. रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली तेव्हा मलाही आनंद झाला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर किंवा १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर येथून काय काय गेले, हे आपण मुलांना सांगतो. ज्या राजाची ती तलवार, त्याच्या सैन्याने बंगालमध्ये काय केले, हे मात्र आपण सांगत नाही.

१७४२ ते १७५१ या काळात नागपूरच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. पहिल्या स्वारीचे नेतृत्व भास्करराम कोल्हटकर यांचे होते आणि तळ काटव्याला होता. भागीरथीच्या पश्चिमेकडील गावे जळाली, विणकर आणि रेशीम पिकवणारे घरदार सोडून नदीपलीकडे पळाले, कलकत्त्याच्या रहिवाशांनी फौजांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. समकालीन डच अंदाज तर चार लाख मृतांचा होता. तो अंदाजच आहे, पण त्याच्या दहाव्या हिश्शानेही माणसाची झोप उडावी. बंगाली आया आजही ज्या अंगाईने बाळाला निजवतात तिच्यात बर्गी येतात, आणि ते बर्गी म्हणजे आपण. या सगळ्याचा शेवट १७५१ च्या तहाने झाला, ज्यात बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा महसूल नागपूरला देण्याचे मान्य केले. नुकसान ज्याचे झाले, देणेही त्यानेच दिले. इतवारीकरांच्या प्रतिसादातला हिशेब येथेही तसाच लागतो.

धंतोली_वाचक

महालकर, आपली तळमळ कळते, परंतु १९०७ चा नियम १७४२ ला लावणे मला योग्य वाटत नाही. त्या काळी चौथाई हा मान्य राजकीय हक्क होता आणि शाहू महाराजांची सनद रघुजींकडे होती. अलिवर्दीखान स्वतः १७४० मध्ये आपल्या धन्याच्या मुलाला, सर्फराजखानाला, युद्धात मारून गादीवर बसलेला होता. मराठ्यांना वाटा दाखवणारा मीर हबीब बंगालच्याच दरबारातला होता. भास्कररामांना १७४४ मध्ये मानकरा या ठिकाणी बोलणीसाठी बोलावून सरदारांसह दग्याने मारण्यात आले, हेही सांगितले पाहिजे.

एक वेगळा मुद्दा मात्र आपल्या बाजूने जातो. ओडिशा नागपूरकडे १८०३ पर्यंत राहिला आणि तेथे भोसल्यांनी प्रशासन चालवले, पुरीच्या जगन्नाथ मंदिराची व्यवस्था लावली. बंगालमध्ये त्यांनी केवळ वसुली केली. जिथे राज्य चालवायचे होते तिथे मागे व्यवस्था उरली, जिथे केवळ घ्यायचे होते तिथे जळलेली गावे उरली. हाच फरक मला ढाका आणि बगदाद यांच्यातही दिसतो.

महालकर

अलिवर्दीचे राजकारण मला ठाऊक आहे आणि मानकरा येथील दगाही ठाऊक आहे. परंतु काटव्याच्या विणकराने सर्फराजखानाला मारले नव्हते. दरबारातल्या गुन्ह्याची शिक्षा गावाला देणे तेव्हाच्या नीतीतही बसत नव्हते. शिवाजी महाराजांनी आपल्या सैन्याला रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशी ताकीद दिली होती आणि ती १९०७ च्या सव्वादोनशे वर्षे आधीची आहे. त्यामुळे मी परदेशी कायद्याचे माप लावत नाही, आपलेच माप लावतो.

बंगालला पैसे द्यावेत असे माझे म्हणणे नाही, कारण आता घेणारा आणि देणारा दोन्ही उरलेले नाहीत. परंतु तलवार नागपुरात प्रदर्शनाला आली तर तिच्या शेजारच्या फलकावर विजयांच्या यादीसोबत बंगालच्या गावांविषयी चार खऱ्या ओळी असाव्यात, आणि त्या आपण नागपूरकरांनीच मागितल्या पाहिजेत. तसे निवेदन मी लिहीत आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी निरोप पाठवावा.

वर्धा_रोड

इराकबाबत माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण महालकरांच्या निवेदनावर माझी सही धरावी. रामदासपेठकरांना एक शेवटचा प्रश्न आहे. बलवान देशाकडून वसुली कोण करणार? कुवेतला भरपाई मिळाली ती इराक हरलेला होता म्हणून. जिंकलेल्याने कधी दिली आहे का?

रामदासपेठकर (धागाकर्ता)

मीही सही करतो.

प्रश्न अगदी वर्मावर आहे. निकारागुआने अमेरिकेविरुद्धचा खटला १९८६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जिंकला, अमेरिकेने निकाल मानला नाही आणि १९९१ मध्ये निकारागुआने दावा मागे घेतला. व्हिएतनामला निक्सन यांनी १९७३ मध्ये पत्राने कळवलेले ३.२५ अब्ज डॉलर कधीच मिळाले नाहीत. तरीही सगळी वाट बंद आहे असे म्हणता येत नाही. काँगोच्या भूमीवरील सैनिकी कारवाईसाठी याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युगांडाला ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरवून दिली, पाच वार्षिक हप्त्यांत, आणि युगांडाने त्याच वर्षी पहिला हप्ता भरला. युगांडा त्या युद्धात हरलेला देश नव्हता. युक्रेनच्या नुकसानीची नोंदवही २०२३ मध्ये हेगला सुरू झाली आहे आणि युद्ध चालू असतानाच घरमालक तिच्यात आपल्या पडलेल्या घराची नोंद करत आहेत. पैसे मिळोत न मिळोत, दावा आधी लिहिला गेला पाहिजे; इतवारीकरांच्या मामांचा अर्जही आधी छापला गेला होता म्हणूनच भरता आला.

इराकसाठी अशी नोंदवही आजही उघडता येईल. इराकच्या वस्तू परत येत आहेत; २०२१ मध्ये अमेरिकेने सुमारे १७,००० पुरातन वस्तू बगदादला परत केल्या. माणसांच्या बाबतीत, अमेरिकी सैन्याच्या ताब्यातील अबू गरीब तुरुंगात छळ झालेल्या तिघांचा खटला आहे. एक शाळेचा मुख्याध्यापक, एक फळविक्रेता आणि एक पत्रकार. त्यांनी २००८ मध्ये अमेरिकी न्यायालयात दावा लावला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने प्रत्येकी १.४ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला. दावा तुरुंगात चौकशीसाठी माणसे पुरवणाऱ्या खाजगी कंपनीवर होता, अमेरिकी सरकारवर नव्हता.